उरलेली गोळी कुणाला द्यायची?

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका आजोबांचं पुण्यानुमोदन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची थोरली सून पिशवी घेऊन माझ्या दारात उभी. किराणा दुकानाची पिशवी, वर घट्ट गाठ. म्हणाली, "सिस्टर, मामांची औषधं हायती. फेकून द्यायला जीव हुत न्हाई. कुणाला तरी द्या, तेवढंच त्यांच्या नावानं दान हुईल."

पिशवी मी चटईवर मोकळी केली. शुगरच्या गोळ्या दोन प्रकारच्या, बीपीच्या तीन पाकिटं, त्यातलं एक कात्रीनं कापलेलं. कोलेस्टेरॉलची गोळी. पाय सुजायचे म्हणून दिलेली लघवीची गोळी. रक्त पातळ करायची गोळी. इन्सुलिनची दोन पेनं, एक चालू, एक सील न फोडलेलं. अर्धी संपलेली खोकल्याची बाटली. डोळ्याचे थेंब. अँटिबायोटिकच्या दहापैकी चार गोळ्या. आणि एका कागदाच्या पुडीत सुट्ट्या पांढऱ्या गोळ्या, कसल्या ते पुडी बांधणाऱ्यालाच माहीत. छापील किमती जोडल्या तर तीन हजार आठशेच्या घरात गेलं. मुलगा शिरोलीला फौंड्रीत रोजावर जातो. त्याच्या आठ-दहा दिवसांच्या हजेरीचे पैसे त्या चटईवर पडले होते.

तिला मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. "ठेवून जा, बघते," एवढंच म्हटलं. तिच्या पाठोपाठ आणखी दोघीजणींनी तेच विचारलं, म्हणून हे लिहिते आहे. आपल्या वस्त्यांत घराघरात अशी एक पिशवी असते. फ्रीजवर, कपाटाच्या वर, नाहीतर बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर. आणि दोन घरं सोडून कुणीतरी असतं, ज्याची बीपीची गोळी परवा संपली आहे आणि पगार सात तारखेला होणार आहे. एकाकडे उरलंय, दुसऱ्याकडे नाही, मग देऊन टाकावं, यात काय चुकीचं? मीही असंच म्हणायचे. म्हणायचे काय, करायचे.

काही वर्षांपूर्वी आमच्या विहारात मी एक औषधपेटी सुरू केली. नोकरी तेव्हा सोडली होती, वस्तीतच काम करायचं ठरवलं होतं. एका जुन्या कपाटाला तीन कप्पे होते. मी त्यांवर पट्ट्या चिकटवल्या: शुगर, बीपी, इतर. लोक उरलेल्या गोळ्या आणून द्यायचे, ज्यांना हव्यात ते घेऊन जायचे. संध्याकाळी वंदनेनंतर मी बसायचे. मी नसले की पोरंपोरी बसायची. फार कौतुक झालं त्या पेटीचं. 14 एप्रिलच्या कार्यक्रमात माझा सत्कारही झाला.

एका आक्कांना शुगर होती. त्या मेटफॉर्मिन घ्यायच्या. त्यांची पाकिटं संपली, मी त्या दिवशी नव्हते, पोरानं 'शुगर' लिहिलेल्या कप्प्यातून एक पाकीट काढून दिलं. ते होतं ग्लिमेपिराइड, 2 मिलिग्रॅमचं. आक्कांनी घेतलं. दोन दिवसांनी मुलानं त्यांचं जुनं औषध आणलं, मग त्या दोन्ही घ्यायला लागल्या. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "व्हय बाई, त्यांची बी शुगरची, माझी बी शुगरची. दोन घेतल्या की लवकर उतरंल म्हटलं." एका रात्री अंगात कणकण म्हणून त्या जेवल्या नाहीत, गोळी मात्र घेतली. पहाटे चारला घामानं भिजलेल्या, बरळायला लागलेल्या. घरच्यांना वाटलं अर्धांगवायू. दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तातली साखर 38 होती. सलाईनमधून ग्लुकोज दिल्यावर डोळे उघडले, पण ही गोळी शरीरात रेंगाळते आणि आक्कांच्या किडन्या आधीच कमजोर होत्या. साखर पुन्हा पुन्हा खाली जात राहिली. दोन दिवस त्यांना तिथंच ठेवावं लागलं.

आक्का वाचल्या. अजून भेटल्या की जय भीम घालतात. त्या पोराला कुणी काही बोललं नाही, मीच बोलू दिलं नाही, कारण कप्प्यावर 'शुगर' असं लिहिणारा हात माझा होता. तीन वर्षांचा नर्सिंग डिप्लोमा, नंतर वॉर्डातली नोकरी, औषध देण्याआधी नाव, मात्रा, वेळ, रुग्ण सगळं तपासायचं हे पहिल्या वर्षी शिकलेली बाई मी. वॉर्डात असताना चिठ्ठीशिवाय साधी ॲसिडिटीची गोळी मी कुणाला दिली नव्हती. वस्तीत आले आणि गरिबांचं काम म्हणून तेच नियम बाजूला ठेवले. म्हणजे वॉर्डातल्या रुग्णाला एक माप आणि माझ्या शेजारणीला दुसरं. हे मला अजून बोचतं.

शुगरची गोळी असा काही प्रकार नसतो, हे सगळ्यात आधी समजून घ्या. मेटफॉर्मिन एकट्यानं साखर सहसा फार खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. बीपीचंही तसंच. एकाला ॲम्लोडिपिननं पाय सुजतात, दुसऱ्याला टेल्मिसार्टन चालतं पण पोटुशी बाईला ते अजिबात चालत नाही, बाळाला धोका असतो. रक्त पातळ करायच्या वॉर्फरिनसारख्या गोळीची मात्रा तर रक्त तपासून ठरते, तीही दर काही आठवड्यांनी बदलते. शेजाऱ्याचा आणि तुमचा आजार एका नावाचा असला तरी औषध एक असेलच असं नाही, आणि औषध एक असलं तरी मात्रा एक असेलच असं नाही.

दुसरी गोष्ट गोळीच्या तब्येतीची. मेडिकलवाला दहाच्या पाकिटातून चार गोळ्या कापून देतो तेव्हा एक्सपायरी आणि बॅच नंबर बहुतेक वेळा त्याच्याकडच्या तुकड्यावर राहतो. तुमच्या हातातल्या चार गोळ्या कधी बाद होणार ते कुणालाच सांगता येत नाही. टेल्मिसार्टन हवेतली ओल ओढून घेतं, पाकिटातून काढून डबीत ठेवलं की खराब होतं. आपल्या कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर लोणच्याला बुरशी येते, गोळीचं काय सांगावं. लहान मुलांचं पावडरीत पाणी घालून केलेलं अँटिबायोटिक सिरप फ्रीजमध्येसुद्धा आठवडाभरच टिकतं, काही जास्तीत जास्त दोन आठवडे. डोळ्याचे थेंब फोडल्यावर महिनाभर. इन्सुलिन 2 ते 8 अंश थंडीत राहायला हवं, आणि मधे एकदा गोठलं किंवा तापलं तर ते बाहेरून ओळखूही येईलच असं नाही.

आठवड्यावरून आठवलं. विनयपिटकात एक नियम आहे. राजगृहात पिलिंदवच्छ थेरांना लोक तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधं भरभरून द्यायला लागले. त्यांनी ती आपल्या शिष्यांत वाटली. शिष्यांनी मडकी भरून, गाठोडी बांधून साठवून ठेवली. मडकी पाझरली, विहारभर उंदीर झाले. लोक नावं ठेवायला लागले. तेव्हा भगवान बुद्धांनी नियम घातला, की आजारी भिक्खूला ही औषधं घेता येतील, पण जवळ साठवायची ती जास्तीत जास्त सात दिवस. त्यानंतर उरलेलं संघापुढे ठेवायचं, आणि ते पुन्हा औषध म्हणून पोटात घ्यायचं नाही, दिव्याला वगैरे वापरता येईल. अडीच हजार वर्षांपूर्वी, फ्रीज नसताना, एक्सपायरीची तारीख! आपल्या विहारांत हा भाग फारसा वाचला जात नाही. वर्षावासात एखाद्या पौर्णिमेला वाचावा असं मी सुचवलं होतं, भन्तेजी हसून हो म्हणाले आहेत.

2019 च्या ऑगस्टमधला महापूर आठवा. प्रयाग चिखली, आंबेवाडी पाण्यात, शिरोळ तालुका पाण्यात. मी एका शाळेतल्या छावणीत होते. राज्यभरातून मदत आली, कपडे, भाकरी, पाणी, आणि औषधांची पोती. हो, पोती. आम्हाला हवं होतं काय, तर लेप्टोसाठी डॉक्सिसायक्लिन, जलसंजीवनी, पायाच्या चिखल्यांचं मलम, आणि ज्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या घरासकट वाहून गेल्या त्यांच्यासाठी त्याच गोळ्या. पोत्यांत निघालं काय, तर कापलेली पाकिटं, उघडलेली सिरपं, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे अर्धे थेंब, कुणाच्या तरी बाळंतपणातलं कॅल्शियम, 2017 मध्ये बाद झालेली गोळी. आम्ही तिघी सिस्टर दोन दिवस फक्त निवडत बसलो. दोन दिवस तीन नर्सेस रुग्णांकडे नव्हत्या. देणाऱ्यांचं मन चांगलंच होतं, त्याबद्दल मला शंका नाही. पण कपाट साफ करणं आणि दान करणं यात फरक आहे.

जगातही हेच घडलेलं आहे. 2004 च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाच्या आचे प्रांतात सुमारे 4,000 टन औषधं येऊन पडली. बरीचशी औषधं अशा भाषेत छापलेली होती की तिथल्या डॉक्टरांना वाचता येईनात. ती नष्ट करायचा खर्च पुन्हा त्यांच्याच डोक्यावर. खरं तर जागतिक आरोग्य संघटनेनं 1996 सालीच औषधदानाचे नियम काढले होते. रुग्णाला एकदा दिलेलं आणि त्यानं परत केलेलं औषध दान म्हणून पाठवू नये. पोचल्यावर निदान वर्षभर मुदत शिल्लक असावी. आणि एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो: देणाऱ्याच्या देशात जे औषध दर्जात बसत नाही, ते घेणाऱ्याच्या देशातही बसत नाही. दर्जा दोघांना एकच.

हे वाचलं आणि मला महाड आठवलं. 1927 च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचं मांस सोडा, शिळ्या तुकड्यांवर जगणं सोडा, असं सांगितलं होतं. औषधपेटीचा विषय निघाला तेव्हा आमच्यातला एक तरुण कार्यकर्ता चिडून म्हणाला, "ताई, आपल्या आज्ज्यांनी दारोदारचे तुकडे टाकून दिले, आणि तुम्ही आता बंगल्यातल्या उरलेल्या गोळ्या वस्तीत आणताय?" मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. तो निम्मा बरोबर आहे, असं मला आज वाटतं. नागाळा पार्कातल्या घरात जी कापलेली, तारीख नसलेली गोळी कुणी स्वतःच्या आईला देणार नाही, ती राजेंद्रनगरातल्या बाईला चालेल असं समजणं म्हणजे तोच शिळा तुकडा. पण सील न फोडलेलं, मुदतीतलं, नीट ठेवलेलं पाकीट, जे फार्मासिस्टनं तपासलं आणि डॉक्टरनं रुग्णाला बघून दिलं, ते घ्यायला मला कमीपणा वाटत नाही. ते कुठल्या घरातून आलं याला मग अर्थ राहत नाही.

असं काम होऊ शकतं. दिल्लीत ओंकारनाथ शर्मा नावाचे गृहस्थ, रक्तपेढीतले निवृत्त तंत्रज्ञ, 2008 सालच्या मेट्रो पुलाच्या अपघातात जखमी झालेल्या गरिबांना औषधाविना तळमळताना पाहून घराघरांतून औषधं गोळा करायला लागले. लोक त्यांना 'मेडिसिन बाबा' म्हणतात. अपंग पायानं ते गल्ल्यागल्ल्या हिंडले. मुंबईत 2021 च्या मे महिन्यात, कोविडची दुसरी लाट ऐन भरात असताना, डॉ. मार्कस रॅने आणि डॉ. रेना रॅने या डॉक्टर दांपत्यानं 'मेड्स फॉर मोअर' सुरू केलं. बऱ्या झालेल्या रुग्णांच्या घरात उरलेली औषधं सोसायट्यांतून गोळा करायची आणि ग्रामीण भागातल्या आरोग्य केंद्रांकडे पोचवायची. दहा दिवसांत 20 किलो औषधं जमली. त्या दिवसांत एका गोळीसाठी लोक शहरभर फिरत होते, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्यांचं काम मला भावतं ते एका कारणासाठी: औषधं थेट रुग्णाच्या हातात गेली नाहीत, आरोग्य केंद्राच्या हातात गेली.

कायदाही तेच सांगतो. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम 18 प्रमाणे परवान्याशिवाय औषध विकता येत नाही, तसंच विक्रीसाठी साठवताही येत नाही आणि वाटताही येत नाही. फुकट वाटतोय म्हणून सुटका होईल असं समजू नका. नोंदणीकृत डॉक्टरला मात्र काही अटींवर स्वतःच्या रुग्णाला औषध देण्याची सवलत आहे. म्हणून आमची पेटी आता विहारात नाही. वर्षभर बंद ठेवली आणि मग एका ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात हलवली. ते दर रविवारी वस्तीसाठी बसतात. नोंदणीकृत फार्मासिस्ट असलेली आमचीच एक लेक दुपारी दोन तास येते. मी पाकिटं घेते, ती तपासते, डॉक्टर रुग्ण बघून देतात, वहीत बॅच नंबर आणि रुग्णाचं नाव लिहिलं जातं. पूर्वीपेक्षा फार कमी औषध जमतं. आलेल्यातलं निम्म्याहून जास्त आम्ही नाकारतो. लोक नाराज होतात. "एवढं लांबनं आणलं, आन् तुम्ही परत देताय?" होय, परत देतो.

आम्ही घेतो ते फक्त सील न फोडलेलं, अख्खं पाकीट, नाव-बॅच-तारीख वाचता येणारं, निदान सहा महिने मुदत असलेलं, घरात उन्हात किंवा चुलीजवळ न ठेवलेलं. (जागतिक आरोग्य संघटना वर्षाचं सांगते. आमच्याकडे औषध दोन-तीन महिन्यांत संपतं म्हणून डॉक्टरांनी सहा ठरवलं.) सिरप, थेंब, मलम उघडलेलं असेल तर नाही. इन्सुलिन नाही. झोपेच्या गोळ्या, मनाच्या आजाराच्या गोळ्या, फिटच्या गोळ्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या, स्टेरॉइड नाही.

अँटिबायोटिकबद्दल जरा थांबून सांगते. घरात चार गोळ्या उरल्या म्हणजे कुणीतरी डॉक्टरांना न विचारता कोर्स मधेच सोडला. त्या चार गोळ्या दुसऱ्या घरात गेल्या म्हणजे तिथं कुणीतरी अर्धाच कोर्स घेणार. दोन घरांत जंतू अर्धमेले राहिले आणि शहाणे झाले. पुढच्या वेळी त्याच औषधाला ते दाद देत नाहीत. टीबीत हे जिवावर येतं. टीबीच्या गोळ्या रुग्णाच्या वजनावर ठरतात आणि सरकारी केंद्रातून फुकट मिळतात, म्हणून त्या कुणाला द्यायच्या नाहीत, कुणाकडून घ्यायच्या नाहीत. 2024 च्या मार्च-एप्रिलमध्ये देशभर टीबीच्या गोळ्यांचा तुटवडा पडला, केंद्रानं राज्यांना आपापल्या पातळीवर खरेदी करायला सांगितलं. त्या दिवसांत एका घरात दोन भावांनी एकाच्या गोळ्या वाटून घेतल्याचं मला कळलं. प्रेमापोटीच वाटून घेतल्या. एकमेकांना उपाशी ठेवायचं नाही, ही आपल्या घरांची शिकवण. पण टीबीची गोळी भाकरीसारखी अर्धी करता येत नाही. रुग्ण दगावला किंवा कोर्स संपला तर उरलेल्या गोळ्या आशाताईंकडे किंवा टीबी केंद्रात परत द्या.

आता राहिला त्या कार्यकर्त्याच्या बोलण्यातला दुसरा निम्मा भाग. आपल्या वस्तीत गोळी कमी का पडते? 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार मोफत झाले. चांगला निर्णय. पण तो त्या विभागापुरता निघाला. आपलं सीपीआर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे, ते वैद्यकीय शिक्षण विभागात येतं. रुग्णाला विभाग कळत नाही, त्याला दवाखाना कळतो. महात्मा फुले जनआरोग्य योजना ॲडमिट झाल्यावर कामाला येते, रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांना तिचा आधार नाही. म्हणजे गोळी न मिळाल्यानं अर्धांगवायू झाला तर खर्च होईल, पण तो होऊ नये म्हणून लागणाऱ्या गोळीला तिथं पैसे नाहीत. यातला वेडेपणा मंत्रालयात कुणाला दिसत नसेल असं नाही.

तमिळनाडूनं 1994 साली औषध खरेदीसाठी वेगळं महामंडळ काढलं. तिथं प्रत्येक सरकारी दवाखान्याला पासबुक असतं, त्यात किती रकमेचं औषध उचलायचं ते लिहिलेलं असतं, आणि गोदामातून लागेल तसं उचलता येतं. आपल्याकडे वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा व्हायला 2023 उजाडलं. आता कायदा आहे तर तो विचारायला हवा. दवाखान्यात 'औषध नाही' असं तोंडी सांगितलं तर तेच केसपेपरवर लिहून मागा. 'बाहेरून आणा' हे चिठ्ठीवर लिहून घ्या. अशा चिठ्ठ्या आम्ही गोळा करतोय. वस्तीतल्या तीस-चाळीस चिठ्ठ्या एकत्र घेऊन अधीक्षकांपुढे गेलं की बोलण्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे.

दानानं हक्काची जागा भरता येत नाही, हे कॅन्सरच्या औषधाच्या गोष्टीत नीट दिसतं. रक्ताच्या कॅन्सरवरचं ग्लिव्हेक नोव्हार्टिस कंपनी भारतात अनेक रुग्णांना फुकट देत होती आणि त्याच वेळी त्याच्या पेटंटसाठी कोर्टात भांडत होती. ग्लिव्हेकचा महिन्याचा खर्च सुमारे 1 लाख 20 हजार, भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा 8 ते 10 हजार. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन, जी 1969 पासून रुग्णांना मदत करते, तिनं या पेटंटला विरोध केला. 1 एप्रिल 2013 रोजी सुप्रीम कोर्टानं पेटंट नाकारलं. कंपनीच्या मेहेरबानीवर असलेला रुग्ण तिच्या यादीत असेपर्यंतच सुरक्षित होता. स्वस्त औषध बाजारात राहिलं म्हणून यादीबाहेरच्यालाही ते विकत घेण्याची वाट उरली. आमच्या रविवारच्या पेटीला मी हीच गोष्ट लावते. पेटी एखाद्याचे पंधरा दिवस काढते. सोळाव्या दिवशी त्यानं महापालिकेच्या सावित्रीबाई फुले रुग्णालयात, नाहीतर जनऔषधी दुकानात जायला हवं, आणि तिथं गोळी असायला हवी.

पिशवी मुळात भरूच नये म्हणूनही थोडं करता येतं. नवीन औषध सुरू होत असेल तर पहिल्यांदा सात-दहा दिवसांचंच घ्या, मानवलं तर महिन्याचं. डॉक्टर मात्रा बदलतात तेव्हा घरातली जुनी पाकिटं सोबत न्या आणि विचारा, यातलं काय चालेल. बिल जपून ठेवा. सील न फोडलेलं पाकीट काही मेडिकलवाले चार-आठ दिवसांत परत घेतात, सगळे नाही घेत, पण विचारायला पैसे पडत नाहीत. आणि रुग्ण शेवटच्या आजारात असेल तर महिन्याचं औषध एकदम भरू नका. हे घरच्यांना सांगणं सिस्टरला जड जातं. मी तरी सांगते.

जे देता येत नाही त्याचं काय, हा प्रश्न आपल्याच लोकांच्या हाताशी येऊन थांबतो. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांत बाद झालेली औषधं घरातल्या धोकादायक कचऱ्यात धरली होती, ती वेगळी द्यायची असतात. प्रत्यक्षात सगळं एका डब्यात जातं. तो डबा उघडतं कोण? घंटागाडीवरचा आपला भाऊ, आणि कचरा वेचणारी आपली मावशी. माझ्या मावशीच्या तळहातात इन्सुलिनची सुई घुसली होती, तेव्हा सहा महिने रक्ततपासण्यांच्या फेऱ्या मारल्या आम्ही. केरळनं 2025 मध्ये कोझिकोडपासून घरातली वापरात नसलेली औषधं गोळा करायची योजना सुरू केली. कोल्हापूर महापालिकेला ते अशक्य नाही. प्रत्येक वॉर्डात एक कुलूपबंद पेटी आणि ती नेणारी जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी एवढंच लागतं. मागणीचा अर्ज आम्ही लिहिलाय, सह्या चालू आहेत. तोवर औषधं मोरीत किंवा पंचगंगेत ओतू नका. गोळ्या पाकिटातून काढून चहाच्या चोथ्यात नाहीतर मातीत कालवा, पिशवीत घट्ट बांधा, वर लिहा आणि घंटागाडीवाल्याच्या हातात सांगून द्या. सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरून, झाकण चिकटपट्टीनं बंद करून, जवळच्या दवाखान्यात नेऊन द्या.

त्या सुनेला मी रविवारी दवाखान्यात बोलावलं. आजोबांची पिशवी आम्ही तिच्यासमोरच निवडली. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची दोन अख्खी पाकिटं, मेटफॉर्मिनचं एक आणि बीपीची दोन, एवढं पास झालं. सील न फोडलेलं इन्सुलिनचं पेन मी हातात धरून बराच वेळ बघत बसले, कारण त्याची किंमत मला माहीत होती. तिला विचारलं, फ्रीजमध्येच होतं ना? म्हणाली, मधे दोन दिवस आमची लाईट गेली होती. पेन बाजूला ठेवलं. बाकीचं सगळं चोथ्यात कालवलं, तिनंच कालवलं. पास झालेली पाकिटं वहीत चढवताना ती म्हणाली, "मामांचं नाव लिहा की त्यात." वहीत देणाऱ्याच्या नावाचा रकाना नव्हता. फार्मासिस्ट लेकीनं पट्टीनं रेघ ओढून एक केला.